राणीने दिलेली विश्रांती

फार फार वर्षांपूर्वी, जिचं नावही आता कुणाला आठवत नाही अशा एका नदीच्या काठी, एक लहानसं राज्य होतं. लहानथोर श्रोतेहो, त्या राज्यात दुष्काळ नव्हता, राक्षस नव्हता, जुलमी राजाही नव्हता. तिथे एक तरुण राणी होती आणि ती मनाची फार चांगली होती. ही गोष्ट तिच्या चांगुलपणाची आहे, म्हणूनच जरा जपून ऐका.

राणीचं नाव कमळजा. तिची आई बाळंतपणातच गेली, वडील ती वयात येता येता गेले. तिला वाढवलं ते दाईमायने, म्हणजे राजवाड्यातल्या हौसा दाईने. कमळजा गादीवर बसली तरी रोज सकाळी तिच्या न्हाणीचं पाणी दाईमायच काढायची. तिच्या केसांना तेल लावता लावता दोन गोष्टी सुनवायचीही.

"काल दरबारात त्या गुराख्यावर ओरडलीस म्हणे," ती म्हणायची. "राणीने आवाज चढवला की लोक समजतात, हिच्याकडे उत्तर नाही."

असं राणीला तोंडावर बोलणारं त्या राज्यात दुसरं कुणी नव्हतं.

एके सकाळी कढत पाण्याचं घंगाळ दाईमायच्या हातातून निसटलं. पाणी तिच्या पायावर सांडलं आणि पाय चांगलाच पोळला. राणी धावत आली. तिने स्वतःच्या हाताने पायाला कोरफडीचा गर लावला. दाईमायचे सुरकुतलेले हात हातात धरून ती रडली.

"अगं, एवढं काही नाही," दाईमाय म्हणाली. "घंगाळ जड होतं. उद्यापासून तांब्या तांब्याने काढीन."

राणीने ते ऐकलंच नाही. तिच्या डोळ्यांपुढे राज्यातले सगळेच म्हातारे उभे राहिले होते. कुणी नांगर धरतंय, कुणी जात्यावर बसलंय, कुणी पाणी वाहतंय. तिचं काळीज कळवळलं. त्याच दुपारी गावोगाव दवंडी पिटली गेली.

"ऐका हो ऐका! ज्यांची साठी उलटली त्यांनी जन्मभर कष्ट केले. आता त्यांनी कशालाही हात लावायचा नाही. फक्त विसावा घ्यायचा. घरच्यांनी त्यांना हातावर झेलायचं. जो कुणी म्हाताऱ्या माणसाला काम करू देईल, त्याला राणीसाहेब दंड करतील हो!"

लोकांनी राणीचा जयजयकार केला. सरकारी गाड्यांतून घरोघरी मऊ गाद्या आणि लोड पोचले. म्हातारी माणसंही सुरुवातीला सुखावली. पाठ टेकली, पाय पसरले, आयता घास तोंडात आला. कुणाला नको असतं?

मग थोड्याच दिवसांनी सटवा नावाडी दरबारात आला. नदीच्या पैलतीरी जाणारी माणसं त्याच्याच होडीतून जायची. आता होडी त्याचा मुलगा चालवत होता.

"राणीसाहेब, माझी होडी मला परत मिळावी," सटवा म्हणाला.

"का बाबा? मुलगा नीट चालवत नाही?"

"चालवतो की. माझ्यापेक्षा झपाट्याने चालवतो. पण पहाटे मला जाग येते ती नदीसाठी. मी उठून बसतो, तर सून म्हणते, निजा. जेवताना मुलगा म्हणतो, बोलू नका, ठसका लागेल. परवा गावात पुलाचं ठरलं. नदी मला जितकी ठाऊक तितकी कुणाला नाही, पण मला बैठकीलासुद्धा नेलं नाही. दगदग होईल म्हणाले."

राणी प्रेमाने हसली. "जन्माची सवय आहे बाबा, ती मोडायला वेळ लागायचाच. आता निवांत पडा."

दरबारी हसले. एकजण म्हणाला, "म्हातारपण म्हणजे दुसरं बाळपण. बाळाला कुठे आपलं हित कळतं?"

सटवाने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. कुणीच त्याच्याकडे बघत नव्हतं. राणीने पुढच्या माणसाला बोलावलं होतं. सटवा निघून गेला.

पुढे शेजारच्या राज्याशी सीमेचा तंटा उभा राहिला आणि राणीला सरहद्दीवर तळ ठोकावा लागला. निघताना ती दाईमायला भेटली. दाईमायला तिने पूर्वेच्या खिडकीची खोली दिली होती, शिसवी पलंग दिला होता, दोन दासी दिल्या होत्या. दाईमाय काहीतरी सांगू पाहत होती, पण बाहेर घोडे तयार होते.

"आले की निवांत बोलू," राणी म्हणाली आणि दासींना तिने बजावलं, "हिला पलंगावरून खाली पाय टेकू देऊ नका."

तंटा मिटेपर्यंत दोन पावसाळे उलटले. राणी परत निघाली तेव्हा तिच्या मनात एकच हौस होती. वाटेतल्या गावांत थांबायचं, म्हाताऱ्यांचे सुखी चेहरे पाहायचे आणि त्यांचे आशीर्वाद घ्यायचे.

पहिलं गाव लागलं ते सटवा नावाड्याचं. गावाने तोरणं बांधली होती. पाटील मोठ्या अभिमानाने राणीला चावडीच्या पडवीत घेऊन गेला.

"बघा राणीसाहेब, कसं ठेवलंय आम्ही सगळ्यांना!"

पडवीत ओळीने गाद्या घातल्या होत्या. प्रत्येक गादीवर एक म्हातारं माणूस निजलेलं होतं. कपडे स्वच्छ, अंगाला तेल, डोक्याखाली मऊ उशी. कुठे घाण नव्हती, कुणी उपाशी नव्हतं. आणि पडवीत एक शब्द नव्हता. इतकी माणसं एका जागी असून खाकरण्याचासुद्धा आवाज नव्हता.

राणी उंबऱ्यावरच थबकली. आपण चुकून कुठल्या भलत्याच जागी आलो, असं तिला वाटलं.

"हे सगळे आजारी आहेत?" तिने हळूच विचारलं.

"छे छे! ठणठणीत आहेत. विसावा घेताहेत."

तिने सटवाला ओळखलं ते शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या मुलाने नाव सांगितलं म्हणून. गादीवरच्या माणसात दरबारात आलेला तो रुंद छातीचा नावाडी कुठेच दिसत नव्हता. राणी खाली बसली.

"सटवाबाबा, कसे आहात?"

"झकास आहेत," मुलगा म्हणाला.

"जेवण जातं का बाबा?"

"दोन वेळा भरवतो की आम्ही," सून म्हणाली.

"मी त्यांना विचारतेय," राणी म्हणाली.

सगळे गोंधळून एकमेकांकडे बघू लागले. सटवाचे ओठ हलले. त्यातून हवा आली, शब्द आला नाही. सुनेने लगबगीने पदराने त्याचं तोंड पुसलं. "त्यांना आता काही कळत नाही हो, राणीसाहेब."

राणीने सटवाचा हात हातात घेतला. वल्ही ओढून ओढून ज्या हाताला घट्टे पडले होते, तो हात तान्ह्या मुलाच्या तळव्यासारखा मऊ झाला होता. त्या हाताची बोटं तिच्या बोटांभोवती मिटेनात.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. दोन शिपाई एका म्हाताऱ्या बाईला धरून घेऊन आले. तिचे हात कोपरापर्यंत चिखलाने माखले होते.

"राणीसाहेब, ही कोंडाई कुंभारीण," शिपाई म्हणाला. "पुन्हा पुन्हा हुकूम मोडते. घरच्यांचा डोळा चुकवून गोठ्यामागे चोरून मडकी घडवत होती. आज रंगेहाथ सापडली."

राणीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "काय घडवत होती?"

"मडकी."

कोंडाई थरथरत उभी होती, पण उभी होती. त्या अख्ख्या पडवीतल्या म्हाताऱ्यांत तेवढी एकच बाई स्वतःच्या पायांवर उभी होती आणि तिच्या एकटीच्याच डोळ्यांत धग होती.

"शिक्षा द्या राणीसाहेब," ती म्हणाली. "उपाशी ठेवा. पण माती काढून घेऊ नका."

"आजी, तुम्हाला त्रास होत नाही का?"

"होतो की! कंबर मोडते, गुडघे ठणकतात. पण ठणकलं की कळतं, अजून हे अंग माझंच आहे." तिने गाद्यांकडे बोट दाखवलं. "त्यांना विचारा, त्यांचं काय दुखतं ते. कुणालाही सांगता यायचं नाही. त्यांचं काहीच राहिलं नाही."

 राणीने शिपायांना हातानेच खूण केली, सोडा तिला. आणि एकाएकी तिला आठवलं.

दाईमाय!

ती तशीच घोड्यावर बसली. वाटेतल्या गावांच्या कमानी, फुलं, वाजंत्री सगळं मागे पडलं. राजवाड्यात शिरताच धापा टाकत तिने पूर्वेच्या खोलीचं दार उघडलं.

पलंगावर दाईमाय होती. एवढीशी. पांघरुणाखाली कुणी आहे की नाही, असं वाटावं इतकी. एक दासी तिला चमच्याने पेज भरवत होती, दुसरी पाय चेपत होती.

"दाईमाय, मी आले."

"त्या छान आहेत, राणीसाहेब," दासी म्हणाली. "काही त्रास देत नाहीत. आम्ही पाय खाली टेकूच दिले नाहीत."

राणीने दोघींना बाहेर पाठवलं. ती पलंगाच्या कडेला बसली.  दाईमायने भीत भीत, अगदी पुसट आवाजात विचारलं, "उठून बसू का मी? चालेल?"

राणीला वाटलं, कुणीतरी आपल्या कानशिलात मारली. जिने तिला पहिलं पाऊल टाकायला शिकवलं होतं, ती बाई तिच्याकडे बसण्याची परवानगी मागत होती.

"दाईमाय, असं काय विचारतेस? ऊठ ना. चल, मी धरते."

तिने तिला उभं केलं. दाईमायचे पाय जमिनीला लागले आणि ओल्या दोरीसारखे दुमडले. राणीने तिला छातीशी धरलं. तिच्या अंगाला वजनच नव्हतं.

"बाळ," दाईमाय तिच्या खांद्याशी पुटपुटली, "घंगाळ सांडलं म्हणूनच ना गं मला काढून टाकलंस? एकदाच सांडलं होतं. मी म्हटलं होतं तुला, तांब्याने काढीन म्हणून."

आता राणीला कळलं. दोन पावसाळे ही बाई या मऊ गादीवर शिक्षा भोगत पडली होती, आणि आपण तिला सुख दिलं म्हणून आपण सरहद्दीवर रोज समाधानाने झोपत होतो! रडायला हवं होतं, पण तिला रडूही आलं नाही. ती दाईमायला तशीच धरून जमिनीवर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दरबारात तिने हुकूम मागे घेतला. प्रधानजी तत्परतेने पुढे आले.

"योग्यच केलंत, राणीसाहेब. आता नवी दवंडी पिटवतो. सर्व वृद्धांनी रोज थोडं तरी काम केलंच पाहिजे."

राणी ताडकन उठली. "प्रधानजी! पुन्हा तेच? त्यांना विचारलंत का तुम्ही?"

"त्यांना काय विचारायचं?" प्रधानजींना खरोखरच कळलं नव्हतं.

राणीने त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिला त्या चेहऱ्यात आपलाच चेहरा दिसला.  ती सिंहासनावरून उतरली आणि चालू लागली.

ती घरोघर गेली. प्रत्येक म्हाताऱ्या माणसापुढे बसून तिने विचारलं, तुम्हाला काय हवंय? आणि उत्तर येईपर्यंत ती थांबली. कुणाला शेताच्या बांधापर्यंत जायचं होतं. कुणाला नातसुनेच्या हातून पळी काढून घ्यायची होती. एक पाथरवट म्हणाला, "मला खरंच पडून राहायचंय हो. जन्मभर दगड फोडले." राणीने त्याची गादी झटकून दिली. एका म्हातारीला फक्त भांडायचं होतं. तिच्याशी दोन वर्षांत कुणी भांडलंच नव्हतं.

काही जण हळूहळू उठले, चालले. पण सगळे नाही, श्रोतेहो. जे गेलं ते सगळंच परत येत नाही.

दाईमाय भिंतीला धरून उभी राहायला शिकली, त्यापुढे तिची मजल गेली नाही. पण तिने मागितलं म्हणून राणी रोज सकाळी तिच्यापुढे केस सोडून बसायची. दाईमायची बोटं भराभर चालायची नाहीत. वेणी घालता घालता सूर्य डोक्यावर यायचा. वेणी वाकडी यायची. दरबार खोळंबून राहायचा आणि राणी तशाच वाकड्या वेणीने सिंहासनावर बसायची. त्याच हिवाळ्यात दाईमाय गेली. त्या दिवशी मात्र राणी रडली, आणि तिला कुणी आवरलं नाही.

सटवा नावाडी त्यानंतरही बरेच दिवस जगला. त्याची वाचा कुठे अडकली होती कोण जाणे. त्याचा मुलगा रोज सकाळी त्याच्या उशाशी बसायचा आणि विचारायचा, "बाबा, आज तुम्हाला काय हवंय?" उत्तर यायचं नाही. सून म्हणायची, "कशाला वेळ घालवता? त्यांना कळत नाही." तरी मुलगा बसायचा. पूर्वी न विचारल्याची लाज त्याच्या मनातून जात नव्हती.

एके सकाळी त्याने असंच विचारलं. बराच वेळ गेला. नदीवर लोक हाका मारू लागले. मुलगा उठणार, इतक्यात सटवाचे ओठ हलले. मुलाने कान जवळ नेला.

"आज काही नको," सटवा अडखळत म्हणाला. "पण उद्या पुन्हा विचार."

मुलगा पुन्हा उशाशी बसला. आपला बाप एवढे दिवस सगळं ऐकत होता, हे त्याला त्या क्षणी कळलं.

बोध हाच: म्हाताऱ्या माणसाला न विचारता दिलेलं सुख, हे त्याच्या हातून हिसकावलेलं आयुष्य असतं.