पाठीवर उमटलेली जाळी

"मग आता माझ्यात कमी काय राहिलंय, तात्या?"

मुकुंद वर्तक हे विचारत होता तेव्हा मी पाचव्या मजल्यावर लिफ्टची वाट बघत उभी होते. हातात दळणाचा डबा. तात्यांचं दार कायम उघडं असतं, त्यामुळे मी कान लावून ऐकलं असं कोणी म्हणू नये.

तात्या म्हणजे आमचे शेजारी नरहर मेढेकर. पोस्टातून निवृत्त झाले, वय ब्याऐंशी. दर गुरुवारी पाच-सात माणसं त्यांच्यासमोर येऊन बसतात. तात्या फारसं बोलत नाहीत. त्या माणसांना त्यातून काय मिळतं, ते तीस वर्षं शेजारी राहूनही मला कळलेलं नाही.

मुकुंद त्यांतला सगळ्यात जुना. नऊ वर्षं येतोय. पांढराशुभ्र कुडता, ताठ मान, आणि समोर माइक असल्यासारखा आवाज. रविवारी त्याला शिबिर घ्यायचं होतं. विषय, भीतीपासून सुटका. चाळीस माणसांनी नावं दिली होती. फक्त तात्यांनी एकदा 'शिकव' म्हणायचं बाकी होतं. आणि तात्यांच्या तोंडून तेवढा एक शब्द काही निघत नव्हता.

"मी भीती जिंकलीय," मुकुंद म्हणाला. "तुम्हाला दिसत नाही का?"

तात्यांनी चपला पायात सरकवल्या.

"मला केस कापायला जायचंय. चल खाली."

लिफ्ट आली.

आमच्या मोतीबाग मॅन्शनची लिफ्ट माझ्याहून म्हातारी आहे. लाकडी पेटी, एक पिवळा दिवा, प्रत्येक मजल्यावर बाहेरून लोखंडी दार आणि आतून ओढून लावायची जाळी. दोन्ही नीट लागल्याशिवाय ती हलत नाही. शिवाय खाली पोचेपर्यंत बटण अंगठ्याने दाबून धरावं लागतं. ते काम मी केलं.

आत आम्ही तिघं आणि डबा. मुकुंद सगळ्यात शेवटी आला. त्याने जाळी ओढली, डोळे मिटले आणि तिथेच उभा राहिला.

चौथा मजला गेला. तिसरा गेला. आणि लिफ्ट थांबली.

मग एकदम वीतभर खाली घसरली.

पुन्हा थांबली.



"बटण सोडलंत का?" मुकुंदने विचारलं.

"अंगठा दुखायला लागलाय माझा. सोडीन कशाला?"

पुन्हा धक्का बसला. पुन्हा वीतभर. वर कुठेतरी दोर कुरकुरला. जाळीपलीकडे नुसत्या विटा दिसत होत्या, जुन्या, ओलसर. ना वरचा मजला, ना खालचा.

लिफ्ट अडली की आमच्याकडे एकच रीत. कोणीतरी आपल्या मजल्याचं दार उघडं टाकून गेलेलं असतं, तेव्हा आतल्याने ओरडायचं. मीही ओरडले.

"दरवाजा बंद करा हो..."

"बंद आहे," खालून कोणीतरी म्हणालं.

"हमारा तो बंद है," वरून फर्नांडिसबाईंचा आवाज आला. त्यांनी खात्री करायला तो दोनदा आपटलाही.

सगळी दारं बंद. मग उघडं काय होतं? मला काही सुधरेना. मी मनातल्या मनात एकेक मजला तपासत बसले. पहिल्यावरचे देढिया विसराळू आहेत. दुसऱ्यावर रंगकाम चाललंय. पण खालून तर बंद म्हणाले...

"इंदुताई, घाबरू नका," मुकुंद म्हणाला. "काही होत नाही. माझ्यासारखा लांब श्वास घ्या."

पाठ जाळीला टेकवून तो छान स्थिर उभा होता. छाती भरून त्याने श्वास घेतला. लिफ्ट थांबली. मग सावकाश सोडला. लिफ्ट घसरली. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. हे सगळं मला दिसत होतं आणि कळत काही नव्हतं.

खोटं कशाला बोलू, तो खरंच घाबरला नव्हता. कपाळावर घामाचा थेंब नाही. मला त्याचा हेवा वाटला.

आणि तात्या?

तात्या कोपऱ्यात अंग चोरून उभे होते. हनुवटी थरथरत होती.  मला त्यांची कीव आली आणि थोडा रागही आला. इतकी माणसं यांच्या पायाशी येऊन बसतात, आणि हे असे?

"तात्या, श्वासाकडे लक्ष द्या," मुकुंद डोळे न उघडता म्हणाला.

"नाही जमत रे..."

"जमेल. भीतीकडे नुसतं बघा."

"बघतोय रे. जात नाही ती."

मुकुंद हसला. कसं सांगू... म्हाताऱ्या बापाला सांभाळून घेताना मुलगा हसतो, तसं. आणि त्याने आणखी एक लांब श्वास घेतला, आणि सोडला.

यावेळी लिफ्ट हातभर कोसळली. दिवा गेला. डबा आडवा झाला आणि गहू सगळीकडे पसरले.

"मुकुंदा," तात्या म्हणाले.

एवढंच. अंधारात त्यांनी दोन्ही हातांनी मुकुंदचा हात पकडला आणि सगळ्या ताकदीनिशी त्याला आपल्याकडे ओढलं. तो माझ्या पायावर पाय देऊन त्यांच्या अंगावर जाऊन पडला.

खट्.

दिवा लागला. लिफ्ट निमूट खाली निघाली. दुसरा मजला, पहिला, तळमजला. एकही धक्का नाही.

मुकुंद आधी बाहेर पडला. त्याच्या पांढऱ्या कुडत्यावर पाठभर काळ्या वंगणाच्या चौकटी उमटल्या होत्या.

"वर्तक," मी म्हणाले, "तुम्ही जाळीला टेकला होतात."

"मग?"

"मग काय मग? पाठीच्या दाबाने बोटभर फट पडली की थांबते ती. आमच्या इथली शेंबडी पोरंसुद्धा त्या जाळीला टेकत नाहीत."

त्याने मान वळवून पाठ बघायचा प्रयत्न केला. मग जाळीकडे बघितलं. मग तात्यांकडे. तात्या वॉचमनच्या बाकड्यावर बसून रुमालाने मान पुसत होते.

मुकुंद त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला. "जाळीचं. म्हणून मला ओढलंत. हो ना?"

"नाही."

"मग मला काही दाखवायचं होतं..."

"नाही रे. घाबरलो होतो."

 मुकुंदचा असा चेहरा मी नऊ वर्षांत पाहिला नव्हता. चुकीच्या घरात शिरलेला माणूस जसा दिसतो, तसा.

"पण मी घाबरलो नव्हतो, तात्या."

"नव्हतास. मी पाहिलं."

"एकदासुद्धा नाही."

"एकदासुद्धा नाही."

"आणि तुम्ही... इतक्या वर्षांनी... अजून घाबरता?"

"फार."

मुकुंदने माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही सांगू शकेन. मी काय सांगणार? माझे गहू लिफ्टभर सांडले होते आणि अंगठा अजून ठणकत होता. इतकी वर्षं मी तात्यांना शहाणं समजत नव्हते, आणि आता काय समजावं तेही कळत नव्हतं.

"रविवारी चाळीस माणसं येणार आहेत," मुकुंद म्हणाला. आवाजातला माइक गेला होता. "मी त्यांना काय सांगू? भीती घालवा म्हणू... की..."

तात्या उठायला गेले. पाय लटपटले. मुकुंदने नकळत हात पुढे केला, आणि तात्यांनी तो धरला.

"मी घाबरलो नसतो," ते म्हणाले, "तर तुझा हात कशाला धरला असता?"