पायरीशी सोडलेली ओंजळ

फार पूर्वी एका खाडीकाठच्या गावात एक वृद्धा राहत असे. गावातील बायका खडकांवरची कालवे काढून पोट भरीत. त्यांचा एक नेम होता: ओहोटीला जे हाती लागेल, त्याची पहिली ओंजळ देवीच्या देवळाच्या पायरीशी पाण्यात परत सोडायची, म्हणजे बीज राहते. हा मान वृद्धेचा होता. चाळीस वर्षांत तिने तो चुकवला नव्हता.

एका वर्षी परदेशी गलबत खाडीत नांगरून गेले. पाठोपाठ खडकांवर नखाएवढे काळे शिंपले दिसू लागले.

"देवी पावली हो!" बायका हरखल्या.

वृद्धेने त्यांचीही पहिली ओंजळ श्रद्धेने पायरीशी सोडली. रोज सोडली.

दोन वर्षांत कालवे दिसेनाशी झाली. काळ्या शिंपल्यांनी खडक झाकले. आत मांस मात्र तिळाएवढे. चुली थंडावल्या. गाव गलबताला शिव्या देई. वृद्धाही देई.

एका ओहोटीला ती पायरीशी वाकली आणि तिचा हात थबकला. साऱ्या खाडीतला काळ्या शिंपल्यांचा सर्वांत दाट थर नेमका तिच्या ओंजळीखाली होता.

हे दुसऱ्या कोणाच्या ध्यानी आले नव्हते. गप्प राहिली असती, तर मान टिकला असता. पण मग उद्याची ओंजळही सोडावी लागली असती. तिने गाव जमवले.

"गलबताने आणले ते खरे. पण पेरले मी."

"वा, जाऊबाई!" धाकटी जाऊ फणकारली. "चाळीस वर्षं मान मिरवलात, आणि पेरलंत काय, तर हे!"

पुजारी म्हणाला, "नेम मोडाल तर देवी कोपेल."

"नेम बीज राखायला होता, महाराज. मी वैरी राखला. कोपायचे तर माझ्यावर कोपो."

ती कोयती घेऊन पायरी खरवडू लागली. जाऊने पदर खोचला.

"सरका जरा. तुमच्या एकटीच्यानं शिमग्यापर्यंत व्हायचं नाही."

हळूहळू सारे गाव उतरले. खरवडलेले शिंपले पाण्यात न टाकता वाळवले, भाजले. त्यांच्या चुन्याने देऊळ पांढरे झाले. काळा शिंपला खाडीतून पुरता गेला नाही. दर ओहोटीला खरवडावे लागले. पण तिसऱ्या वर्षी पायरीवर एक इवलेसे कालव चिकटलेले दिसले.

पुढे कालवे वाढली, तेव्हा गावाने पहिली ओंजळ पुन्हा वृद्धेच्याच हाती दिली. तिने ती उन्हात धरली, एकेक शिंपला निरखला, दोन काळे वेचून काठावर ठेवले, आणि मगच हात पाण्यात बुडवले.

तात्पर्य: नेमामागचा हेतू डोळ्यांआड झाला, की भक्तीच्या हातूनही हानी घडते, आणि आपली चूक चारचौघांत कबूल करून निस्तरणे, हीही पूजाच होय.