नगर सभागृहाचा हरबा

एका शहरात एक भोळा शिपाई होता. नाव हरबा. नगर सभागृहावर त्याची नेमणूक होती. हे सभागृह म्हणजे पूर्वीचं कापसाचं गोदाम. कापूस गेला, मग तिथं कुस्त्या झाल्या, नाटकं झाली, मतमोजणीसुद्धा झाली. आता तर रोज नवं काहीतरी असे. हरबाला मात्र आदल्या दिवशीचंच कळे.

एकदा गुलाबांचं प्रदर्शन भरलं. हरबानं आलेल्या बायकांना एकेक फूल तोडून दिलं. पहिल्या बक्षिसाचंसुद्धा. मॅनेजर कुलथे धावत आले.

"अरे, इथं मांडलेल्याला कुणी हात लावायचा नाही! हात पुढं आला की ओरडायचं!"

"बरं," हरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लग्न होतं. नवरदेव मंगळसूत्र घालायला वाकला. हरबा ओरडला, "हात लावायचा नाही! लांबून बघा!" नवरदेव असा दचकला, की मंगळसूत्र भटजींच्या मांडीवर पडलं.

कुलथ्यांनी कपाळ बडवलं. "अरे, आलेल्या माणसाला हसून बसवायचं. आग्रह करून खाऊ घालायचं!"

"बरं."

मग आलं मधुमेहाचं शिबिर. माणसं उपाशीपोटी रक्त तपासायला रांगेत उभी. हरबानं लग्नातली उरलेली जिलेबी काढली. "एक घ्याच. माझ्यासाठी!" सगळ्या शहराची साखर आभाळाला टेकली. डॉक्टरांनी मशीन हलवून पाहिलं, मग हरबाला.

"आजाऱ्याला जिलेबी?" कुलथे किंचाळले. "त्याच्या माणसांजवळ बसावं, धीर द्यावा. म्हणावं, घाबरू नका, चार दिवसांत उठून बसतील!"

"बरं."

पुढं टिळेकर गुरुजींची शोकसभा. हरबा गुरुजींच्या मुलांजवळ बसला, पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "घाबरू नका. चार दिवसांत उठून बसतील." मुलं पांढरीफटक पडली. घराच्या वाटण्या झाल्या होत्या.

"हे शेवटचं!" कुलथे थरथरत म्हणाले. "पुन्हा चुकलास तर घरी पाठवीन. नीट ऐक. फोटो दिसला की हार घालायचा. सगळ्यांना दोन मिनिटं उभं करायचं. म्हणायचं, मोठा माणूस गेला. बास!"

हरबा खरंच घाबरला. रात्रभर त्यानं घोकंपट्टी केली. बायको बिचारी दोनदा उठून उभी राहिली.

सकाळी सभागृहाचा सुवर्णमहोत्सव होता. नगराध्यक्षांचा सत्कार व्हायचा होता. दारात त्यांचा हा मोठा फोटो! कुलथे पाहुण्यांना आणायला फाटकाकडे गेले होते. हरबानं सत्काराचा हार उचलून फोटोला घातला. माइक हातात घेतला.

"उभे राहा. मोठा माणूस गेला!"

सगळे उभे राहिले. कुणी हुंदका दिला. विरोधी पक्षाचे पुढारी तर माइक घेऊन गहिवरून बोलायलाच लागले, "असा सज्जन माणूस पुन्हा होणे नाही..."

तेवढ्यात मागच्या दारानं नगराध्यक्ष आले. सगळे मान खाली घालून उभे. त्यांनीही टोपी काढली, मान खाली घातली. शेजारी हरबा होता. त्यांनी हळूच विचारलं, "कोण गेलं रे?"

"तुम्हीच, साहेब," हरबा हळूच म्हणाला. "या, पुढं बसा. फार चांगलं बोलताहेत."