पेटीच्या तळाशी लपलेलं पुस्तक

वस्त्यांवर वाचनालयं पोचली नव्हती, तेव्हा एक लाकडी ग्रंथपेटी बैलगाडीतून गावोगाव हिंडायची. पुस्तकं लोकांच्या हाती देणं हेच तिचं काम, पण पाखरांच्या एका पातळशा पुस्तकावर तिचा भारी जीव. ते फाटेल, भिजेल या धास्तीने ती त्याला तळाच्या कापडाखाली लपवायची.

"आई, सगळ्यांच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के आहेत, माझीच कोरी," पुस्तक कुरकुरायचं.

"पुढच्या गावी हं, बाळा," पेटी म्हणायची. आपण आईसारखं वागतोय की कुलपासारखं, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

एका वस्तीवर तुळसा नावाची पोर परकराला हात पुसत आली. "बाई, आमच्या परसात तुरेवालं पाखरू येतं. त्याचं नाव कुणालाच ठाव नाही. तुमच्यात असंल का?"

ग्रंथपाल दमयंतीबाईंनी पेटी दोनदा उपसली. "होतं गं एक पुस्तक..."

तुळसा हिरमुसून वळली.

"आई, ती मलाच शोधतेय!" पुस्तक कळवळलं.

पेटीने पोरीचे मळके हात पाहिले. तरी तिने कापड सैल सोडलं. पुस्तक बाईंच्या हाती लागलं. त्यांनी तुळसाला हाक मारून चिठ्ठीवर शिक्का मारला, तसं पुस्तक खुदकन हसलं.

पंधरा दिवसांनी ते परत आलं. कोपरा दुमडलेला, पानावर पिठाची बोटं.

"लागलं का रे बाळा?"

"आई, पुढचं गाव कधी?"

पेटीने त्याला सगळ्यांत वर ठेवलं. तळाचं रिकामं कापड मात्र ती अजून अधूनमधून चाचपते.