कुमुदचा अडलेला श्लोक

आपल्या पणजोबांनीही फक्त ऐकलेली, इतकी जुनी ही गोष्ट. एका राज्यात दरवर्षी राजदरबारी मोठी परीक्षा होई. शेकडो मुलंमुली येत. त्यांतल्या दहांनाच राजविद्यालयात जागा मिळे.

डोंगराखालच्या एका गावात कुमुद नावाची पंधरा वर्षांची मुलगी होती. ‘यंदा आपली कुमुद निवडली जाणार,’ असं सगळं गाव छातीठोकपणे सांगे. पण परीक्षा तीन महिन्यांवर आली आणि कुमुदचं जेवणावरचं मन उडालं. तोंडपाठ श्लोक ओठांवर येईनात.

“रोज दोन तास पाठांतर वाढवा,” पाठशाळेचे आचार्य म्हणाले.

तिचे शिक्षक शारंगधर गुरुजी मात्र पोथी मिटून ओसरीवर तिच्याशेजारी बसले. “पोरी, आज अभ्यासाचं विचारत नाही. तू कशी आहेस, ते सांग.”

कुमुद गुडघे पोटाशी घेऊन बसली. मग म्हणाली, “मी चुकले तर सगळ्यांची मान खाली जाईल, गुरुजी. कधी कधी वाटतं, झोपावं आणि उठूच नये.”

गुरुजी तिच्याकडे वळले. “बोललीस ते फार बरं केलंस,” ते म्हणाले. “हे ओझं आता तू एकटीनं वाहायचं नाही.”

त्याच पावली ते तिला घरी घेऊन गेले. आईवडिलांना समोर बसवून सगळं सांगितलं. वैद्यबुवांनाही बोलावलं. दुपारचं पाठांतर बंद झालं. ती वेळ मैत्रिणींची ठरली. रोज सकाळी गुरुजी तिच्याशी घटकाभर बोलत.

आचार्य संतापले. “ती नापास झाली तर तुमची जागा जाईल!”

“जाऊ दे. मला दुसरी जागा मिळेल. तिच्या आईवडिलांना दुसरी कुमुद मिळणार नाही.”

परीक्षेच्या दिवशी भर दरबारात कुमुद अडली. तिनं खोल श्वास घेतला. “महाराज, हा श्लोक आठवत नाही. पुढचा म्हणू?” महाराजांनी मान डोलावली, आणि उरलेले सगळे श्लोक तिनं खणखणीत म्हटले.

ती अकरावी आली.

“बाबा, पुढच्या वर्षी पुन्हा येईन म्हणते,” परतीच्या वाटेत ती म्हणाली.

“ये की! आणि नाही आलीस, तरी तू आमचीच,” वडील म्हणाले.

गुरुजींची जागा काही गेली नाही, आणि पुढच्या वर्षी कुमुद तिसरी आली. आचार्यांनीही पाठशाळेची रीत बदलली: सकाळी आधी प्रत्येक मुलाची विचारपूस, मग पाठ. पहिल्या दिवशी ही विचारपूस त्यांनी स्वतः केली, आणि त्या दिवशी पोथी दुपारपर्यंत उघडलीच नाही.

लेकरू खचलं असेल तर आधी त्याचं मन सावरावं. धडा उद्याही शिकवता येतो.