पूर्वेकडची मुळे

एकदा एका वृद्ध उद्यानपालाकडे त्यांची जुनी शिष्या वर्ष संपता संपता भेटायला आली. हे गृहस्थ डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका वनस्पती उद्यानाचे कधीकाळचे अधीक्षक. निवृत्त होऊन वीस वर्षे झाली होती, तरी सकाळचे दोन तास ते बागेतच असत, आणि नवे अधिकारीही त्यांना विचारल्याशिवाय मोठ्या झाडाला हात लावत नसत. ऐन उमेदीत दर रविवारी ते गावातल्या मुलामुलींना बागेत फिरवून झाडांची ओळख करून देत. त्या मुलींतलीच ही एक, सुलभा. आता तिला सेहेचाळीस वर्षे झाली होती. गावातल्याच महाविद्यालयात ती मराठी शिकवत होती आणि त्यांना अजूनही ‘सर’ म्हणत होती.

तिने बरोबर टिपणांचे एक जाडजूड बासन आणले होते. बारा वर्षांपूर्वी खेडोपाडी फिरून तिने म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. त्यांवर प्रबंध लिहायचा होता. तो अर्ध्यावर राहिला होता.

“हे तुमच्या बागेच्या ग्रंथालयात ठेवता येईल का, सर?” तिने विचारले. “माझ्याकडे राहून काही उपयोग नाही.”

“असं का म्हणतेस?”

सुलभा म्हणाली, “दर एक जानेवारीला मी नवी बाई व्हायचं ठरवते. पाचला उठायचं, चहा बंद, गोड बंद, रोज चालायचं, प्रबंधाची रोज चार पानं लिहायची. पहिले दहा दिवस घरात माझा दरारा असतो. मग एके दिवशी सगळंच एकदम कोसळतं, एकही गोष्ट उरत नाही. गेल्या वर्षी तर संक्रांतीच्या आतच आटोपलं. मुलगी हसली, त्याचं काही नाही वाटत. पण आता माझा शब्द माझा मलाच खरा वाटत नाही. म्हणून यंदा काहीच ठरवायचं नाही.”

सरांनी तिची समजूत घातली नाही, की उपदेशही केला नाही. त्यांनी विचारले, “गुडघे कसे आहेत?”

“दुखतात. डॉक्टर म्हणतात, चाला.”

“बरं. एक तारखेला सकाळी आठ वाजता बागेत ये. जुने कपडे घालून ये. आणि हे बासन घरी घेऊन जा. ग्रंथालयात उंदीर झालेत.”

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी ती गेली. बागेच्या तळ्याकाठी सीताअशोकाचे एक झाड होते. दोन पुरुष उंचीचे, दाट पानांचे, बारा-तेरा वर्षांचे. हिराबाई नावाच्या जुन्या माळीणबाईंनी त्याच्या पूर्वेच्या बाजूला, बुंध्यापासून दोन हातांवर, अर्धवर्तुळाकार खोल चर खणला होता. चराच्या भिंतीतून अंगठ्याएवढ्या जाडीची मुळे आरपार गेलेली दिसत होती. सर शेजारी स्टुलावर बसले होते. त्यांनी सुलभाच्या हाती एक लहान करवत दिली.

“चरात आलेली मुळं काप.”

सुलभा त्यांच्याकडे पाहतच राहिली. “सर, हे झाड तर ठणठणीत आहे.”

“आहे ना. म्हणूनच तर. आजारी झाडावर करवत चालवू दिली असती का मी?”

“पण याने काय केलंय?”

“काही केलेलं नाही. काप.”

ज्या माणसाने लहानपणी तिला फूलसुद्धा विचारल्याशिवाय तोडू दिले नव्हते, तोच आज जिवंत झाडाची मुळे तोडायला सांगत होता. ती चरात उतरली. तिने पहिले मूळ कापले. आतून पांढुरका, ओलसर गाभा दिसला. तिने वर पाहिले; झाडाचे एक पानही हलले नव्हते. दुसरे मूळ कापले, तिसरे कापले. मग हाताला सवय झाली. हिराबाईंनी मुळांची टोके कोयत्याने गुळगुळीत केली, चरात पालापाचोळ्याचे खत आणि भुसभुशीत माती भरली, वरून पाणी सोडले. तोवर सुलभाने पदर खोचला, करवत उचलली आणि ती झाडाला वळसा घालून पश्चिमेच्या बाजूला गेली.

“आता इकडची ना?”

सरांनी आपली काठी तिच्या आडवी धरली. “तिकडची पुढच्या वर्षी.”

“का? मी दमले नाही. आजच होऊन जाईल.”

“तू दमली नाहीस हे मला दिसतंय,” सर म्हणाले. “झाड मात्र मरेल. बस इथं.”

ती चराच्या काठावर बसली. सरांनी तळ्याकडे बोट दाखवले.

“या तळ्याचा बांध वाढवायचं ठरलंय. तीन वर्षांनी इथं कमरेएवढं पाणी असेल. तोवर हे झाड वरच्या माळावर न्यायचंय. एवढं मोठं झाड लांबवरच्या मुळांवर जगत असतं. ती सगळी काही आपल्याबरोबर नेता येत नाहीत. म्हणून आधी एका बाजूची तोडायची. तिथं वर्षभरात बुंध्याजवळच नव्या बारीक मुळ्यांचं जाळं येतं. ते आलं की दुसरी बाजू. दोन्हीकडे जाळं धरलं, की झाड आपली माती घट्ट धरून निघतं.”

“आणि सगळं एकदम केलं तर?”

“ते मी करून पाहिलंय. चौतीस वर्षांचा होतो. नव्या विभागाचं उद्घाटन होतं आणि तिथं मला नागचाफा हवा होता. चारही बाजूंनी मुळं तोडली आणि संध्याकाळच्या आत झाड नव्या जागी उभं केलं. दोन महिने हिरवंगार होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते कौतुकानं दाखवत होतो. तिसऱ्या महिन्यात शेंड्यापासून वाळत खाली आलं. ती हिरवाई पोटात साठवलेल्या अन्नावरची होती, सुलभा. नव्या मातीतला एक घोटही त्यानं घेतला नव्हता. मी आधी जमिनीला दोष दिला, मग झाडाच्या जातीलाही. तुझे पहिले दहा दिवस ऐकताना मला तो नागचाफा आठवला. तू स्वतःला चारही बाजूंनी तोडतेस, आणि वाळलीस की म्हणतेस, जातच कमकुवत.”

सुलभाने मान खाली घातली. सरांनी विचारले, “संध्याकाळचा चहा कुणाबरोबर घेतेस?”

“सासऱ्यांबरोबर. दिवसभर ते एकटेच असतात. तेवढाच अर्धा तास आमचं बोलणं होतं.”

“मग तू चहा बंद केलास की?”

“ते आपल्या खोलीत एकटेच घेतात,” ती म्हणाली. हे तिने आजवर कुणाला सांगितले नव्हते. खरे तर स्वतःलाही नाही.

“म्हणजे ते मूळ तुला जगवत होतं,” सर म्हणाले. “जुन्या सगळ्याच गोष्टींवर रागावू नये. एक बाजू बदलत असते, तेव्हा दुसरी बाजू झाडाला पाणी पाजत असते.”

“मग मी कोणती बाजू घेऊ?”

“ते मी कसं सांगू? पण जिथं तोडशील, तिथं खत घालायला विसरू नकोस. नुसतं तोडणं कुणालाही जमतं.”

हिराबाई हात धुता धुता म्हणाल्या, “गुडघ्यापासनं घ्या की, ताई. गुडघं असलं तर बाकीचं हुईल.”

सुलभा हसली. त्या वर्षी तिने एकच गोष्ट ठरवली. गाडी न नेता महाविद्यालयातून घरी पायी यायचे. तळ्याच्या वाटेने गेले की सावली होती आणि वाटेत एक मैत्रीण भेटायची; तो रस्ता तिने मुद्दाम धरला. हेच तिचे खत. पाचला उठणे, गोड सोडणे यांचे तिने नावही काढले नाही. चहा पूर्वीसारखाच सासऱ्यांबरोबर होत राहिला. एप्रिलच्या उन्हात तिचे आठ दिवस चुकले. पूर्वी असे झाले की एकाबरोबर सगळेच ढासळायचे. आता ढासळायला दुसरे काही नव्हतेच, म्हणून नवव्या दिवशी ती पुन्हा चालू लागली.

पुढच्या जानेवारीत तिने अशोकाच्या पश्चिमेची मुळे कापली. पूर्वेची माती हिराबाईंनी थोडी उकरून दाखवली. आत केसांसारख्या पांढऱ्या मुळ्यांची दाट जाळी होती. त्याच आठवड्यात सुलभाने घरी ओव्यांचे बासन उघडले आणि प्रबंधाचे रोज एक पान लिहायला घेतले. चार नव्हे, एकच.

तिसऱ्या वर्षी आषाढात अशोक गोणपाटात बांधून वरच्या माळावर नेला. पंधरा दिवसांत त्याची जवळजवळ सगळी पाने गळली. सुलभा घाबरली. सर आता एक्याऐंशीचे होते, चाकांच्या खुर्चीतून येत. ते म्हणाले, “गळू दे. माझा नागचाफा हिरवा राहिला होता, तेव्हा मी घाबरायला हवं होतं. हे वर खर्च करत नाहीये, खाली करतंय.”

भाद्रपदातल्या एका सकाळी ती माळावर आली, तेव्हा फांद्यांच्या टोकांना तांबूस, मऊ पानांचे झुबके लोंबत होते. हिराबाई आळे साफ करत होत्या. “रुजलं,” त्या म्हणाल्या. “आता रोज बघायला नको याच्याकडं.”

सरांनी एक झुबका तळहातावर घेतला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग त्यांनी सहज विचारले, “गाडी कुठं लावलीस? फाटकापाशी चिखल असेल.”

सुलभाने फाटकाकडे पाहिले आणि तिला क्षणभर आठवेना. गाडी तिने आणलीच नव्हती. घरापासून तीन किलोमीटर ती चालत आली होती, आणि निघताना तसे ठरवल्याचेही तिला आठवत नव्हते.

तिने सरांना तसे सांगितले. ती त्यांच्या खुर्चीजवळ ओल्या गवतावर बसली, आणि उन्हे वर येईपर्यंत दोघे त्या नव्या पालवीकडे पाहत राहिले.