खडकवण्याचा पाठमोरा वीरगळ

हा वीरगळ उलटा बसलाय असं तुम्हालाही वाटलं ना? येणारा प्रत्येक जण तेच म्हणतो. दगडात कोरलेल्या वीराची पाराकडे पाठ, रस्त्याकडे तोंड, भाल्याचं टोकही तिकडेच. मागे शहरातले काही अभ्यासू लोक तो फिरवून नीट बसवायला आले होते. आम्ही त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. मी सोळा वर्षं या खडकवण्याचा सरपंच होतो, म्हणून पाहुण्यांना हे सांगायचं काम माझ्याकडे आलंय.

तो समोर गड दिसतो, त्याच्या पायथ्याशी तळं आहे. फार जुनी गोष्ट. एका कडक उन्हाळ्यात किल्लेदाराने ते तळं आपल्या घोड्यांसाठी राखलं आणि गावाला बंद केलं. गुरं तडफडून मरू लागली. शिवाय दवंडी पिटली, की पारावर चार माणसं जमायची नाहीत, आणि तळ्याबद्दल जो तोंड उघडेल त्याची जीभ छाटली जाईल. सगळ्या गावाने मिठाची गुळणी धरली.

गप्प बसली नाही ती एकटी ठकू धनगरीण. नवरा नाही, मूल नाही, होत्या त्या शेळ्या. ती भर दुपारी पारावर चढली आणि हाका मारून तिने लोक गोळा केले. ते कळताच किल्लेदाराने सटवोजी नाईकाला दहा भालाईत देऊन तिला उठवायला धाडलं. सटवोजी याच गावचा. तो दिसताच ठकूच्या तोंडाचा पट्टा आधी त्याच्यावरच सुटला, असं सांगतात.

"ह्या सटव्यानं माजी गाभण शेळी गडावर न्हेऊन कापली! आता माजी जीभ कापाया आलाय!"

सटवोजीची मान खाली गेली. मग म्हणाला, "खरं हाय, आत्या. शेळी म्याच न्हेली. त्ये बी बोल, तळ्याचं बी बोल. तुजं बोलून हुईस्तवर म्या हितनं हलत न्हाई."

आणि त्याने लोकांकडे पाठ केली. भालाइतांनी हुकमाची आठवण दिली, तेव्हा म्हणे तो म्हणाला, "भाला घेताना भंडारा उचलून काय आण घेतली व्हती? टोक वैऱ्याकडं, पाठ रयतेकडं. आज वैरी गडावरनं उतरतोय, येवढंच."

किल्लेदार स्वार घेऊन उतरला. बाण सुटले. पहिला सटवोजीच्या खांद्यात घुसला, दुसरा बरगडीत. ठकूचा आवाज चिरकला. तो मागे न वळता ओरडला, "थांबू नगं!" ती थांबली नाही. तळ्याचं बोलली, मेलेल्या गुरांचं बोलली, शेळीचं पुन्हा बोलली. लोकही पांगले नाहीत. तिचा शेवटचा शब्द संपला, तेव्हाच सटवोजी कोसळला आणि त्याने प्राण सोडला. मग किल्लेदाराचा हुकूम झुगारून ते दहा भालाईत पुढे आणि अख्खं गाव गुरांसकट मागे, असे सगळे तळ्याकडे निघाले. स्वार बाजूला झाले. त्या किल्लेदाराचं नाव आज कुणाला आठवत नाही, आणि आम्हाला त्याचं काही वाईटही वाटत नाही.

पाथरवटाने वीर कोरला. लोक म्हणाले, तोंड पाराकडे ठेवू, म्हणजे दर्शन होईल. ठकू आडवी आली. "त्यानं मरताना तोंड फिरवलं न्हाई, तुमी कोण फिरवणार? आन् पायाशी माजी शेळी कोरा. मान दिऊ, पर शेळी इसरायची न्हाई." ती बघा शेळी. लोकांना कुत्रा वाटतो.

आमची ग्रामसभा याच पारावर भरते. ज्याला तक्रार सांगायची तो या दगडाच्या पाठीवर हात ठेवून बोलतो. गावचा जो जवान सुट्टीवर आलेला असेल, तो शेजारी रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो. बोलणं कुणाहीबद्दल असो, त्याने वळायचं नाही.

माझं सरपंचपदाचं शेवटचं वर्ष. नळाची लाइन मी आधी माझ्या आळीत नेली होती. यमुना शेलार उठली, दगडावर हात ठेवला आणि भर सभेत माझी सालटी काढू लागली. मला राग आवरेना. मी उठून ओरडलो, "बंद करा ही सभा!" त्या दिवशी दगडाशेजारी माझाच मुलगा उभा होता, सीमेवरून पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आलेला. तो वळला नाही. तसाच पाठमोरा म्हणाला, "आबा, खाली बसा. यमुनाकाकीचं अजून संपलेलं न्हाई."

लाज वाटली, आणि त्याच्या पाठीकडे बघून ऊरही भरून आला. मी खाली बसलो. आजही या दगडावर कुणाचा हात पडला, की सगळ्यात आधी खाली बसतो तो सरपंच.